उसवून पाहिलेलं जेवण

तीर्थरूप अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणारच, तरी विचारतो.) इकडे सगळे खुशाल, फक्त तुझी भाची माझ्याशी बोलत नाही. का, तेच लिहायला बसलोय.

तिने पसंत केलेल्या मुलाच्या आईवडिलांनी परवा आम्हाला जेवायला बोलावलं. पहिलीच भेट, तीही एका बड्या, कँटनी पद्धतीच्या चिनी हॉटेलात, डिमसमच्या बुफेला. डिमसम म्हणजे पातळ पारीत सारण भरून वाफवलेले छोटे छोटे जिन्नस, बांबूच्या टोपल्यांत मांडलेले. लग्न ठरणं या जेवणावर होतं, म्हणून निघताना तुझ्या भावजयीने मला बजावलं की तिथे काही उलटंपालटं करून बघायचं नाही, चौकशा करायच्या नाहीत, समोरचं खायचं आणि हसायचं. मी कबूल झालो. (टेबलक्लॉथची कड तेवढी उलटून पाहिली. एवढं मोठं हॉटेल, आणि आत दोरे लोंबत होते.)

सुरुवात बरी झाली. मग मी कोळंबीची टोपली उचलली आणि घात झाला. अक्का, काय ती पारी. मलमलीसारखी, आतली गुलाबी कोळंबी दिसत होती. आणि चुण्या अशा बारीक की बघत राहावं, पण सगळ्या पुढच्या बाजूला. मागची बाजू सपाट. आता तूच सांग, एकीकडे एवढ्या चुण्या घेतल्या तर दुसरीकडचं कापड ओढलं जायला हवं की नको? ते ओढलं गेलं नव्हतं. शिंप्याने हे पाहून मुकाट्याने गिळायचं म्हणजे अतीच झालं. मी चॉपस्टिकच्या टोकाने शिवण अलगद उकलली. काही उमगलं नाही. दुसरी उकलली. पुढच्या टोपलीतली पारी वेगळी होती, म्हणून तीही. एक प्रकार वरून उघडाच होता, त्यात लपवाछपवी नसल्याने मला रस वाटला नाही. एक पांढरा पाव मात्र माथ्यावर फाटलेला निघाला, तेव्हा वाढणाऱ्या बाईंना मी हळूच सांगितलं की याची शिवण गेलीय. त्या म्हणाल्या, तो तसाच फुलायला हवा. मला हे नवीनच होतं.

मान वर केली तेव्हा ध्यानात आलं. माझ्या ताटात एका बाजूला सारणाचा ढीग, दुसरीकडे पाऱ्या उलट्या करून पसरलेल्या. होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, जेवणात काही सापडलं का. होणाऱ्या विहीणबाईंनी खाणं थांबवलं होतं. पोरगी छताकडे बघत होती. तेवढ्यात मॅनेजरने तक्रार समजून थेट आचाऱ्यालाच बाहेर आणलं. मी म्हटलं, तक्रार नाही हो, मागची बाजू सपाट कशी राहते तेवढं दाखवा. तो माझ्या ताटाकडे बघून आधी गोंधळला, मग हसत सुटला, आणि तिथेच एक पारी वळून दाखवली. मागची कड बोटावर सैल धरायची, पुढच्या कडेला चुण्या घालत तिच्यावर सरकवायची आणि सगळा ताण वळणात जिरवायचा. अगं, बाही बसवताना आपण हेच करतो. मला इतका आनंद झाला की मी त्याचा हातच धरला. टेबलावर हा आनंद मला एकट्यालाच झाला.

माझ्या बोटांच्या खाजेपायी पोरीचं लग्न मोडलं तर काय करू, या विचाराने झोप उडालीय.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच विहीणबाईंचा फोन आला. होकार आहे! एवढं बारकाईने बघणारा शिंपी त्या कधीपासून शोधत होत्या म्हणे. त्यांच्या आईचं जुनं रेशमी जाकीट लगोलग पाठवून दिलंय, लग्नात घालणार आहेत. खांदे किंचित आत घ्यायचेत, बाकी हात लावायचा नाही. पोरगी बोलायला लागली.

आणखी एक. कॉलर आतून कशी वळवलीय ते बघायला मी जाकीट जरासं उसवलं. मग आणखी जरासं. आता ते कपाटावर तुकड्यांत आहे, आणि त्यातला एक तुकडा कुठला ते मला कळत नाही. घरात कुणाला पत्ता नाही. विहीणबाई रविवारी न्यायला येतायत. मला शिवण तू शिकवलीस, तेव्हा शनिवारच्या आत ये. कुणी विचारलं तर सहज आले म्हण.