कमरेची दोरी

मुक्काम मालवण

चि. कोंडाजीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही.

मी इथं मजेत हाय. माझी नात तेजल पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवते. तिचा थाट बघशील तर हसशील. पाठीवर हवेची टाकी, पायात बदकासारखे रबरी पंजे. मनगटावरचं नवं घड्याळ तर किती खोल गेली, हवा किती उरली, सगळं सांगतं. ते मला पटलं. पण लोक फोन पिशवीत घालून पाण्याखाली फोटो काढतात, तो निव्वळ आचरटपणा. मासा समोर आणि डोळे फोनात!

मला आपली निफाडची विहीर आठवली. कुणाचा हंडा पडला की तू सूर मारायचास. दोरी तुझ्या कमरेला, टोक माझ्या हातात. तू हिसका दिलास की मी ओढायची. वर आलास की आधी हंडा दाखवायचास आणि मग श्वास घ्यायचास, गाढवा.

तेजलला म्हटलं, "एवढं सामान हाय, मग एकटी का जात नाहीस?"

म्हणाली, "आजी, सामान कितीही भारी असू दे, सोबत जोडीदार लागतोच."

तुझ्या बायकोचा फोन आला होता. अडकलेली पाण्याची मोटार काढायला तू परवा विहिरीत उतरलास म्हणे, दोरी लिंबाच्या झाडाला बांधून. खोल पाण्यानं दडा बसलेला कान अजून दुखतो का? मी शनिवारी येते, तोवर पाण्यात पाय घालू नको. अरे, तू हिसका दिला असतास तर ते झाड तुला ओढणार होतं का?

तुझी अक्का,
विठाबाई