गवतावरची रेघ

१० सप्टेंबर १९९७, संध्याकाळ

“मराठी शाळांच्या शिकाऊ शिक्षकांनो, आपल्या वर्गांत गुजराती तक्ते किती दिवस टांगायचे?” सकाळी सभेत गरजले मी, आणि प्राचार्यांनी मराठी तक्ते करायला कॉम्प्युटर दिला. दुपारभर माउसने हिरवं गवत काढलं, खाली मोठ्या अक्षरांत ‘गवत’. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या हंसाबेन खूश. “वाह बेन, केटलुं सरस गुजराती लख्युं!”

छान गुजराती लिहिलं म्हणे? बघते तर, गुजराती लिपीसारखी अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही! याच रेघेवरून लिंबायत वस्तीतल्या मराठी शाळेच्या पहिलीतल्या पोरांना मी रागावते. उद्या त्यांच्यासमोरच सरावपाठ. “बाई, तुमची रेघ कुठंय?” विचारणारच ती. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग हंसाबेननी युक्ती सांगितली, शिफ्टची कळ दाबून माउस ओढला की रेघ सरळ येते.

तर वक्त्या बाई, भाषण पुरे. उद्या छापण्याआधी शिफ्ट दाब आणि ती रेघ ओढ.