टेपवरच्या काळ्या रेघा

ताई,

भावोजींचे टाके चिघळले ते तुझ्या हातून नाही गं. पट्टी बदलताना आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तू रडतेस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसते. कसली निर्लज्ज मी!

ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायचं काम माझं. पुरेशी वाफ मिळाली की हत्यारांच्या गठ्ठ्यावरच्या टेपच्या फिक्या रेघा काळ्या होतात. त्या सकाळी मशीन मध्येच बंद पडलं, रेघा फिक्याच राहिल्या. थिएटरमधून फोनवर फोन, "अहो बाई, पेशंट टेबलावर आहे!" मी मार्कर घेतला आणि रेघा काळ्या केल्या.

भावोजींचा नंबर दुपारचा होता. मला वाटलं, टेबलावर दुसरंच कोणीतरी असेल. त्यांना सकाळीच आत घेतलं हे मला नंतर कळलं. दुसरं कोणी असतं तर चाललं असतं का गं?

आज चौकशीत मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "घरच्यांनी जखम भिजवली असेल." मी मान डोलावली, ताई. मान डोलावली!

आता उठते आणि तो मार्कर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवते. नोकरी गेली तर जाऊ दे. हे पत्र तुला पाठवणार नाही, तुझ्यासमोर उभी राहून सांगेन. तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवू नकोस.

तुझी म्हणवत नाही,
धाकटी