बाबच्या नावचं पाकीट

पेडणे, सोमवार

प्रिय प्रवीण,

पत्र बघून हसू नकोस. दोनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. जे सांगायचंय ते तुझा आवाज ऐकत मला सांगता येणार नाही. शिवाय तुझी एक वस्तू तीन आठवडे माझ्या कपाटात पडून आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी माझं थोडं ऐकून घे.

निरीक्षणगृहात सगळं तू सोडून गेलास तसंच आहे. सकाळी पावभाजी, मग वर्ग, संध्याकाळी अंगणात खेळ, आणि दर वेळी कुलूप लावायच्या आधी पोरांची मोजणी. तू मोजायचास तेव्हा प्रत्येकाच्या टाळक्यावर टपली मारत जायचास. पोरं मुद्दाम मागून फिरून पुन्हा रांगेत उभी राहायची, तुझा आकडा चुकायचा, अधीक्षक ओरडायचे आणि पोरं खिदळायची. आता मोजणी माझ्याकडे आहे. माझा आकडा एकदाही चुकलेला नाही. माझ्या रांगेत दुसऱ्यांदा उभं राहायला कोणी येत नाही, म्हणून चुकत नाही. अधीक्षक मात्र माझ्यावर खूश आहेत.

पेडण्याहून आपण दोघं एकाच बसने मुलाखतीला गेलो, एकाच दिवशी पर्यवेक्षक म्हणून लागलो, एकाच दुकानात गणवेश शिवून घेतले. महिनाभरात पोरांसाठी तू लाडाने ‘प्रवीणबाब’, नुसता ‘बाब’ झालास आणि मी ‘सर’च राहिलो. चतुर्थीला मी सगळ्यांना पुरतील एवढी आरतीची पुस्तकं घेऊन गेलो होतो, आठवतं? तू घरून मातीचं घुमट आणून वाजवायला बसलास. माझी पुस्तकं संध्याकाळपर्यंत पोरांच्या बुडाखाली होती. घरीसुद्धा तेच. आई मला वाढायला घेते आणि आधी विचारते, “प्रवीण कसो आसा रे?” मी समोर बसलेला असतो, मी कसा आहे ते तिला दिसत असेल म्हणा. मांद्र्याला सासऱ्यांचं गेस्टहाऊस सांभाळायला तू नोकरी सोडलीस, त्या दिवशी पेढे मी वाटले. सगळे म्हणाले, मित्र असावा तर असा. खरं म्हणजे ब्याद गेली म्हणून मी ते वाटले होते. आता तरी पोरं माझ्याकडे बघतील, अशी आशा होती.

डिचोलीचा शंभू तुला आठवतच असेल. स्कूटर चोरीत आलेला. आई-वडील नाहीत, वाळपईचा मामा फिरकत नाही, आणि घुमटावर हात मात्र तुझ्यासारखा. तू गेल्यावर मी त्याला धरला. रोज तासभर दहावीचं गणित शिकवलं. आधी वहीवर डोकं ठेवून झोपायचा; मग एक दिवस स्वतःहून वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्या दिवशी बसमध्ये मी एकटाच हसत होतो. हा एक तरी माझा, असं वाटलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने माझ्याकडे पत्र दिलं. आपला नियम तुला माहीत आहे: मुलाचं पत्र पर्यवेक्षकाने वाचायचं, कोपऱ्यात सही करायची, मग ते पोस्टात घालायचं. मला वाटलं मामाला असेल. निघालं तुला. बाल न्याय मंडळासमोर कोणी भरवशाचा माणूस उभा राहिला तर सोडतील, असं त्याला कळलं होतं. तुम्ही या, तुमच्याकडे राहीन, दहावीला बसेन, असं लिहिलं होतं. दोन पानं भरून. त्यात तुझं घुमट होतं, तुझी टपली होती, जाताना तू दिलेला शब्दही होता की काहीही लागलं तर कळव. गणिताबद्दल एवढंच, की आता येतं. कोणी शिकवलं, ते नाही. माझं नाव शोधायला मी दोन्ही पानं पुन्हा वाचली. मग सही न करता पत्र कपाटात टाकलं आणि शंभूला सांगितलं, पाठवलं.

तारखेच्या दिवशी तो डोक्याला तेल लावून, चापून भांग पाडून बाकावर बसला होता. बाहेर गाडी थांबली की मान वळायची. कोणी आलं नाही, पुढची तारीख पडली. परत आल्यावर त्याने घुमटाला हात लावला नाही. आणि प्रवीण, मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. म्हटलं, आता कळलं याला, इथे रोज कोण असतं ते.

काल मी त्याला विचारलं, माझ्या घरी येशील का? आई आहे, एक खोली रिकामी आहे, अधीक्षकांनाही मी विचारून ठेवलं होतं. त्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की क्षणभर वाटलं हो म्हणतोय. म्हणाला, “नाका सर. बाब येतले. पत्र तुमीच धाडलां न्हय?”

ते पत्र यासोबत ठेवलंय. कोपऱ्यात सही केली आहे आणि खाली आजची तारीख घातली आहे. मागची घालता आली असती, घातली नाही. पाकीट उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतो, तो तुमच्या तिठ्यावर उतरवेल. येत्या गुरुवारी दहा वाजता मंडळासमोर ये, ओळखपत्र विसरू नकोस. उशीर का झाला ते शंभूला तू सांगायचं नाहीस. बुधवारी गणिताच्या तासाला मी सांगणार आहे. त्यानंतर तो मला सरसुद्धा म्हणणार नाही बहुतेक. तू मात्र ये. तो पुन्हा तेल लावून बसेल.

तुझाच, अजूनही तुझ्यावर जळणारा,
देवेश