बेटावरची सरासरी

अ‍ॅशबर्न, १४ मे

प्रिय निमिष,

मराठीत लिहितेय, मुद्दाम. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू उभ्या उभ्या वाचून खिशात कोंबलं असतंस. लायब्ररीतल्या रविवारच्या मराठी शाळेत सात वर्षं मी तुला बसवलं आणि दर रविवारी न चुकता तुझं पोट दुखायचं. त्याचा सूड उगवतेय असं समज. हळूहळू वाच, बोट ठेवून वाचलंस तरी चालेल.

मागच्या आठवड्यात बाबांच्या ऑफिसातला संजीव त्यांच्या टेबलावरचं सामान घेऊन आला. बिचारा दारातच उभा राहिला, चहाही घेतला नाही. खोक्यात त्यांचा तो कोपरावर विरलेला स्वेटर, चष्म्याच्या तीन रिकाम्या डब्या आणि एक छापलेला कागद होता. देशांची नावं आणि पुढे ते ऑफिसात तपासायचे तसले आकडे. एका ओळीवर पिवळा हायलायटर. ती ओळ तू मेडिकलला गेलास त्या बेटाची.

तो कागद मी आधी पाहिला होता. गेल्या दिवाळीत बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरून मला समजावला होता. आज जितकी मुलं शिकतायत तितकीच शिकत राहिली, तर त्या देशातला एक मुलगा सरासरी किती वर्षं कॉलेजात काढेल, त्याचा तो आकडा. आजूबाजूच्या बेटांवर एक, सव्वा वर्ष. तुझ्या बेटावर जवळपास चार. तिथली मुलं अठराव्या वर्षी बोटींवर नाहीतर हॉटेलांत कामाला लागतात, मग हे चार आले कुठून, म्हणून बाबांनी दोन दिवस फायली उकरल्या. कळलं ते असं, की अमेरिकेत मेडिकलला अ‍ॅडमिशन न मिळालेली आपल्यासारख्यांची मुलं तिथल्या कॉलेजात जातात आणि त्यांनाही त्याच देशाचे विद्यार्थी म्हणून मोजलं जातं. मूठभर वस्ती, त्यात बाहेरची काही शे मुलं, आकडा फुगणारच. खरं तर त्याला तळटीप लावून ते मोकळे झाले असते. पण त्या दिवशी ते इतके खूष होते! “सुलेखा, यात आपला निमिष आहे बरं का,” म्हणाले. मी म्हटलं, “पोळी गार होतेय.”

तू इथे बाबांच्या दिवसकार्याला चार दिवस आलास तेव्हा तुझ्याशी धड बोलणं झालंच नाही. घर माणसांनी भरलेलं. दीपा काकू तर तुला कोपऱ्यात गाठून बीपीच्या गोळ्या बदलू का विचारत होती. जनाची नाही तरी मनाची लाज असावी माणसाला, त्या दिवशी तरी! तू पांढराफटक पडलास आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिलास. मी खिडकीतून पाहत होते. यायला हवं होतं मी बाहेर. दुधाचं पातेलं गॅसवर आहे असं स्वतःला सांगून आले नाही.

तिची तरी काय चूक? तू मेडिकलला गेल्यापासून आपल्या सगळ्या गोतावळ्याचा फुकटचा डॉक्टर झाला होतास. नागपूरहून माझी बहीण तुला रक्ताचे रिपोर्ट पाठवायची, प्लेनोहून राजेश काका गुडघ्याचे एक्सरे. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे, आणि घरचा मुलगा फोनवर तयार. बाबा तर साधा खोकला झाला तरी म्हणायचे, रविवारी निमिषला विचारू.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारीही त्यांनी तेच केलं. जिना चढताना छातीत जळजळतं, जबडाही दुखतो, असं स्पीकरवर सांगितलं. तू आधी म्हणालास, “बाबा, डॉक्टरला दाखवा ना, प्लीज.” ते हसले, “अरे, मी डॉक्टरशीच बोलतोय.” नंतर म्हणालास, “बहुतेक अ‍ॅसिडिटी असेल. अँटासिड घेऊन बघा.” त्यांनी घेतलं. शहाण्या मुलासारखं दोन्ही वेळा, जेवणानंतर. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना ते मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर कोसळले.

आन्यानं चार दिवसांपूर्वी मला तुझा मेसेज दाखवला. दाखवायचा नव्हता तिला, पण ती घाबरली आहे. तीन महिने तू फोन उचलत नाहीस, माझ्या प्रत्येक मेसेजला नुसतं ‘ओके’ लिहितोस, आणि बहिणीला लिहितोस की बाबांना मी मारलं, आईला खरं कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही. ते वाचल्यापासून हे पत्र लिहायला बसतेय. तीन वेळा कागद फाडला. आता लिहिते ते पुन्हा वाचणार नाही, नाहीतर हाही फाडीन.

निमिष, मला खरं माहीत होतं. दुसऱ्यांदा नापास झालास, कॉलेजनं काढून टाकलं, हॉटेलच्या काउंटरवर नोकरी धरलीस, हे तू गेल्या वर्षीच्या जानेवारीत आम्हा दोघांना ईमेलनं कळवलं होतंस. घराच्या त्या एकाच अकाउंटवर. बाबा आंघोळीला गेले होते. मी वाचलं आणि डिलीट केलं, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढलं. बाबांचं मन मोडेल म्हणून, असं मी तेव्हा मनाला समजावलं. खरं म्हणजे मराठी मंडळात काय तोंड दाखवू, ही भीती होती. तू उत्तराची वाट पाहिली असशील. आणि पुढच्याच रविवारी मी तुला फोनवर विचारलं, “अभ्यास काय म्हणतोय?” ईमेल आम्हाला पोचलीच नाही, असं तुला वाटलं असणार. तू खरं बोललास, मी तुला खोटं बोलायला लावलं. नंतर वर्षभर दर रविवारी लावलं. बाबा छातीचं सांगत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून मटार सोलत होते. अहो, तो डॉक्टर नाही, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. मी मटार सोलत राहिले. परवा आन्याला हे सांगितलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तुलाही तसंच वाटलं तर मी काही म्हणणार नाही, पण हे ओझं माझं आहे, ते तू खाली ठेव.

तुला अजूनही चालत असेल तर,
तुझीच,
आई