मायचं वाक्य

शनिवार, चिखली

सभागृह हसलं तसा मी मिलिंदचा हात घट्ट धरला. महोत्सवात त्याचा पहिलाच लघुपट. पडद्यावर बाई नवऱ्याच्या प्रेताजवळ बसून म्हणते, ‘मले एकटीले टाकून काऊन गेला?’ ती बाई म्हणजे मिलिंदची खरी माय. आमच्या पुढच्याच रांगेत बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

हसलं कोण? घरी हेच बोलणारे लोक. आपली बोली पडद्यावर आली की तो विनोदच, ही सवय आपल्याला कधी लागली? मायची मान तशीच ताठ.

चहाच्या वेळी पुण्याचे परीक्षक म्हणाले, तेवढं वाक्य प्रमाण मराठीत करा, आमच्याकडच्या महोत्सवात घेऊ. ते गेल्यावर आमचा मित्र रफिक म्हणाला, ‘आता रडाले बी पुण्याची परवानगी लागते का बे?’ मिलिंद हसला नाही. मला म्हणाला, ‘तू मराठीचा मास्तर ना, दे लिहून. मायचा आवाज तरी पोचन तिथं.’

घरी येऊन लिहिलं: ‘मला एकटीला टाकून का गेलात?’ व्याकरणात चूक नाही. पण या वाक्यात कोणी मेलेलं नाही. हे त्याला सांगावं? संधी त्याची, माय त्याची. पाठवून दिलं. तिची ती ताठ मान मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

रविवार

सकाळी मिलिंदकडे गेलो. माय दारात बसून ‘गेलात, गेलात’ घोकत होती. मला पाहून थांबली. ‘जमलं का, सर?’

मी हो म्हणालो.