पाटी आहे ना

४ नोव्हेंबर

आले एकदाची! बसने सहा तास हाडं खिळखिळी केली, पण उतरल्यावर समोर डोंगरांची रांग दिसली आणि थकवा कुठल्या कुठे पळाला. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाला लागून कर्मचाऱ्यांच्या खोल्या आहेत, त्यातली शेवटची मला मिळाली. खाट, टेबल, रंगाच्या डब्यांसाठी फळी आणि खिडकीतून दिसणारा रोपवे. काम माझ्या हातचंच आहे. धबधबा, झुलता पूल, गुहा, सूर्यास्ताचा कट्टा, या सगळ्या वाटांवरच्या एक्केचाळीस पाट्या घासायच्या, रंगवायच्या, त्यांचे लाकडी बाण नीट आवळायचे. मॅनेजरसाहेब गोलमटोल, हसतमुख. म्हणाले, परक्या मुलुखात पाटीच पर्यटकाची आई असते. मीही गोड हसले. मनात म्हटलं, हस बाबा, हसून घे.

कारण मी इथे नुसती रंग फासायला आलेले नाही. दोन वर्षांपूर्वी माझी ताई याच धबधब्याच्या वाटेवर कड्यावरून पडून गेली. चौकशीत लिहिलं, पाटी बरोबर होती, बाई चुकली. चुकली म्हणे! कोपऱ्यावर भाजी आणायला जाताना चौघांना रस्ता विचारणारी माझी ताई! ज्याने तिला त्या वाटेला लावलं त्याला मी सोडणार नाही. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, त्यामुळे आमचं नातं इथे कुणाला माहीत नाही.

७ नोव्हेंबर

सापडलं! धबधब्याच्या फाट्यावरची पाटी आज घासायला घेतली. बाण उजवीकडे आहे. ती वाट रुंद, कठडा घातलेली. पण बाण सोडवून रंग खरवडला, तर खालच्या फळीवर आणखी एका बाणाचा फिकट ठसा निघाला, डावीकडे तोंड केलेला. म्हणजे निदान एक उन्हाळा बाण डावीकडे होता. डावी वाट साहेबांच्या मेहुण्याच्या कँटीनवरून जाते आणि पुढे कड्याच्या अगदी काठाने. तिथे कठडा नाही.

आज सोमवार, उद्यान बंद, म्हणून मोकळ्या असलेल्या रोपवेच्या तिकीटवाल्या काकूंना चहा पाजून बोलतं केलं. गर्दी कँटीनकडे वळावी म्हणून साहेबांनीच बाण फिरवला होता, आणि ताई पडली त्या दुपारी स्वतः पाना घेऊन पुन्हा सरळ केला. काकू म्हणाल्या, बोलणार कुठे, पोटाचा प्रश्न आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेव्हापासून साहेब त्या वाटेला पायी फिरकलेले नाहीत, हेही कळलं. चोराच्या मनात चांदणं!

९ नोव्हेंबर

फाट्यावरचा बाण परवा अंगातला सगळा जोर लावून आवळला होता. आज सकाळी बघते तर डावीकडे. कुणाचा तरी चावटपणा असणार. पर्यटक यायच्या आत सरळ केला.

११ नोव्हेंबर

पुन्हा डावीकडे. काल मुद्दाम नटावर रंगाचा थेंब टाकून वाळवला होता. तो थेंब तडकलेला नाही. नट न हलता बाण कसा फिरेल?

मग खाली बसून रडले, आणि रडता रडता हसूही आलं. ताईच आहे. तिलाही तो माणूस हवाय. ताई, सोमवारपर्यंत थांब. सोमवारी उद्यान बंद असतं, दुसरं कुणी येणार नाही, आणि वरच्या साहेबांना पाठवायला धबधब्याचे फोटो काढायचेत म्हणून आपल्या मॅनेजरसाहेबांची स्वारी पायी निघणार आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार

धुकं इतकं की स्वतःचा हात दिसेना. मी ब्रश घेऊन फाट्यावर उभी होते. बाण डावीकडे. साहेब धापा टाकत आले, म्हणाले, काही दिसत नाही गं, दिशाच कळेना, धबधब्याची वाट कुठली? मी म्हटलं, पाटी आहे ना, साहेब. ते हसले आणि गेले.

थोड्या वेळाने दगड घरंगळले. एक हाक आली. मग काही नाही. जशास तसं!

दुपारी पोलीस आले. त्यांच्याबरोबर फाट्यावर गेले तर बाण उजवीकडे. मी हात लावला नव्हता, शपथेवर सांगते. त्यांनी लिहून घेतलं, पाटी बरोबर होती, माणूस चुकला.

१५ नोव्हेंबर

पाटी आहे ना. हे शब्द माझ्या तोंडात इतके आयते कसे आले, तेच सकाळपासून डोक्यात घोळतंय. आता खोटं कशाला लिहू, वही माझीच आहे. त्या दिवशी ताईचा फोन आला होता. म्हणाली, बाण डावीकडे आहे पण वाट बरी वाटत नाही गं, जरा नेटवर बघून सांगतेस का. मी मैत्रिणींच्या घोळक्यात होते. म्हटलं, पाटी आहे ना! डोळे आहेत ना! सारखी काय विचारतेस? आणि फोन कापला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

१६ नोव्हेंबर

झुलत्या पुलाचा बाण फाटकाकडे वळलाय. गुहेचाही. सरळ केले. मागे वळून पाहिलं — पुन्हा तसेच.

१७ नोव्हेंबर

सगळे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. सगळ्यांची टोकं कर्मचाऱ्यांच्या खोल्यांकडे — शेवटच्या खोलीकडे.

ताई, तो गेला ना? फेडलं ना मी? मग आता कोण राहिलं —

माहीत आहे मला कोण राहिलं.

१८ नोव्हेंबर, सकाळ

पहिल्या बसने घरी. आईला सगळं सांगणार. निघते —

स्टँड दहा मिनिटांवर. तासभर चालतेय. धुकं. एका खांबाला टेकून लिहितेय —

पुढे एक बाई पाठमोरी उभी आहे. जिवात जीव आला. विचारलं, अहो ताई, स्टँडची वाट कुठली —

वळली नाही. म्हणाली, पाटी आहे ना.

तो आवाज —

टेकले होते तो खांब पाटीचाच आहे. बेचाळिसावी. रंग ओला. अक्षर माझंच. बाण सरळ समोर, आणि समोर खाली कुठेतरी पाणी कोसळतंय —

ताई, चुकले गं मी. एकदा तोंडाने सांग, कुठे पाऊल —